नदीच्या उतारावरचा भाऊ

सेलू,

नदीच्या उतारात तलवार घेऊन उभा राहिलेला तो भाऊ शेवटी बाजूला झाला की नाही, हा आपला वाद तेरा वर्षं तसाच पडून आहे. तू म्हणायचीस, झाला. मी म्हणायचो, शक्यच नाही. आता तू उत्तर द्यायला नाहीस, म्हणून मी जिंकलो असं काही होत नाही. एकट्यानं वाद घालता येत नाही, एवढंच या महिन्याभरात कळलं.

इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी तुझ्यावर चार शब्द लिहून मागितलेत. जन्म कुठला, शिक्षण किती, बहारीनला कधी आली, मागे कोण कोण. ते सगळं तुझ्या हॉस्पिटलच्या फायलीत आहे, त्यांनी तिथून घ्यावं. मला जे लिहायचंय ते मंडळाच्या अंकात छापण्यासारखं नाही. ते फक्त तुला सांगण्यासारखं आहे, आणि तू होतीस तेव्हा मी ते सांगितलं नाही.

ती गोष्ट तू घरी आणलीस तो दिवस मला आठवतो. तुला येऊन वर्षही झालं नव्हतं. झिंज भागातल्या आपल्या त्या दोन खोल्यांत तू, मी आणि तुझी वहिनी रीटा. तू ड्यूटीवरून आलीस, पांढरे बूट दारात काढलेस आणि चहाही न घेता सांगायला बसलीस. तुमच्या लेबर वॉर्डची मेट्रन स्कॉटलंडची, तीही अगदी इंग्लंडच्या हद्दीवरच्या गावातली. चहाच्या सुट्टीत ती तुम्हा पोरींना तिच्या गावच्या गोष्टी सांगायची. ही त्यातली एक.

शेकडो वर्षांपूर्वीची. हद्दीवरच्या एका घरातली मुलगी, एल्स्पेथ. तिचं खळं इंग्रजांनी दोनदा जाळलेलं, काका मारलेला. एका लढाईनंतर नदीच्या कडेला तिला एक इंग्रज सरदार सापडतो. चिलखतातच तापानं फणफणलेला. मारायला म्हणून ती सुरी काढते आणि तो पाणी मागतो. ती त्याला मेंढ्यांच्या गोठ्यात लपवते, बरा करते. तो तिची बोली शिकतो. बरा होऊन परत जातो तेव्हा सांगून जातो की येईन. वर्षातून एक दिवस तिथे तहाचा असे. दोन्हीकडची माणसं जमायची, तंटे मिटवायची, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत कुणी शस्त्र उचलायचं नाही असा करार होता. तो त्या दिवशी येतो. तिला न्यायला. पण तिच्या भावाला कळलेलं असतं. दोघं नदीकडे येतात तेव्हा भाऊ उतारात गुडघाभर पाण्यात उभा असतो, सूर्य वर यायची वाट बघत.

"मग?" रीटानं विचारलं.

"मग मेट्रनला दोन शेवट माहीत आहेत," तू म्हणालीस. "तिची आजी सांगायची, भावानं त्याला तिथेच कापला. तिची आई सांगायची, भाऊ बाजूला झाला."

"आजीचा खरा," मी म्हटलं.

"का?"

"कारण आया पोरींना रडवत नाहीत. खरं सांगतात त्या आज्या."

तू हसलीस. तेव्हा आपण दोघं हसूनच वाद घालायचो.

त्या वर्षी मंडळाला नाटक बसवायचं होतं. नेहमीच्या नाटकांत बायका पाच-सहा आणि आपल्याकडे स्टेजवर यायला तयार बाई एकच, ती म्हणजे तू. म्हणून तू म्हणालीस, मी लिहिते. वॉर्डमधल्या रद्द झालेल्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर तू ते नाटक लिहिलंस. एका पानामागे कुणाचा तरी ब्लडप्रेशरचा तक्ता, पुढे एल्स्पेथचा संवाद. मला भावाचं काम दिलंस. आणि इंग्रज सरदाराचं काम दिलंस तुमच्या हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवणाऱ्या दत्तारामला.

मी तेव्हा विचारलं होतं, हाच का? तू म्हणालीस, त्याला तलवार धरता येते. ते खरंच होतं. कुडाळकडचा माणूस, घरात दशावताराची परंपरा, लहानपणापासून राजे आणि राक्षस केलेले. पहिल्या तालमीला तो असा काही ताडताड पाय आपटत आला की सगळे पोट धरून हसले. आपल्या गावचे रॉकी काका, मंडळातले सगळ्यांत वडीलधारे, ओरडले, "अरे, हा इंग्रज सरदार आहे की रावण?" दत्ताराम ओशाळला. "ह्या माका जमाचा नाय," म्हणून तलवार खाली ठेवून निघाला. तू त्याला दारातून परत आणलंस. म्हणालीस, "राजासारखं चालू नकोस. आजारातून उठलेल्या पेशंटसारखं चाल. तू रोज तेच बघतोस ना?" आणि तो तसा चालला. हॉल एकदम गप्प झाला. मीही.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी चिलखतात गुंतलो होतो. दुधाच्या पावडरीचे डबे कापून, त्यांना बारीक तारेनं जोडून मी स्वतः त्याचं चिलखत केलं होतं. खांद्यांवर डबे पुरले नाहीत म्हणून तिथे नुसता पुठ्ठा लावून वर चंदेरी कागद चिकटवला. तेही माझंच काम. तलवारी बंदरातल्या पेट्यांच्या लाकडाच्या होत्या. जड होत्या. मी म्हटलं होतं, असू देत, हातात वजन असलं की माणूस खरा वाटतो.

शेवट कुठला करायचा यावर शेवटच्या आठवड्यापर्यंत वाद चालला. मंडळी माझ्या बाजूची. लोक नाटकाला येतात ते काय भाऊ बाजूला झालेला बघायला? तू एकटी पडलीस आणि मग म्हणालीस, ठीक आहे, करा. तलवार त्याच्या खांद्याला नुसती लागेल, तो कोसळेल, मी ओरडेन, पडदा.

नाटकाच्या दिवशी शुक्रवार होता. सगळ्यांना सुट्टी. शाळेचा हॉल घेतला होता. आपण दोघं दुपारी चालत निघालो. सामान आधीच गेलं होतं. ऊन नव्हतं, समुद्रावरून वारा होता, आणि तू मध्येच थांबलीस.

"दादा, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. मी आणि दत्ताराम लग्न करणार आहोत. डिसेंबरात दोघांनी रजा टाकलीय. मुंबईत रजिस्टर करू."

मी काय बोललो ते मला शब्दाला शब्द आठवतं. लिहिणार नाही. त्याच्या जातीबद्दल बोललो, त्याच्या देवांबद्दल बोललो, त्याच्या अँब्युलन्सबद्दलसुद्धा बोललो. आपल्या आयचं नाव घेतलं, ती तेव्हा जाऊन तीन वर्षं झाली होती. तू ऐकून घेतलंस. तुझ्या हातात एल्स्पेथची शाल होती, ती तू घडी करत राहिलीस. मग म्हणालीस:

"मला आज उत्तर नको. फक्त एक कर. शेवटी तू बाजूला हो. पाण्यातून बाजूला हो आणि आम्हाला जाऊ दे. कुणाला काही कळणार नाही, लोक म्हणतील शेवट बदलला. मला कळेल. तेवढं पुरेल."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तू ते हो धरलंस. तुझा स्वभावच तसा. कुणी गप्प बसलं की तू त्यातलं चांगलं उचलायचीस.

नाटक रंगलं. दत्तारामनं गोठ्यातला प्रवेश केला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका रडत होत्या. शेवटचा प्रवेश आला. खाली निळी चादर पसरलेली, मी मध्ये उभा. तू आणि तो समोरून आलात. तुझ्या चेहऱ्यावर भीती नव्हती. खरं तर असायला हवी होती, नाटकात होती. तू माझ्याकडे बघत होतीस, आणि तुला खात्री होती.

मी तलवार उचलली आणि मारली. नुसती लावली नाही, सेलू. दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून मारली. बरोबर तिथे, जिथे पुठ्ठा होता.

आवाज आला तो लाकडाचा नव्हता. तो पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशा टाळ्या मंडळात पुन्हा कधी ऐकल्या नाहीत. आणि तो उठला नाही, हलला नाही, तोंडातून हूं की चूं नाही. अंगात दशावतार होता. पडदा पडेपर्यंत प्रवेश मोडायचा नाही, हे त्याच्या रक्तात होतं. पण तू नर्स. माणूस कसा पडला की काय मोडतं ते तुला माहीत. ठरल्याप्रमाणे तू ओरडायचं होतंस, ओरडली नाहीस. तू खाली बसून त्याच्या डब्यांच्या तारा सोडवायला लागलीस, पडदा अजून वरच होता, आणि तू त्याचं डोकं ज्या हातांनी धरलंस त्यावरून हॉलमधल्या प्रत्येकाला सगळं कळलं.

पडदा पडल्यावर तू मान वर केलीस. "झालं समाधान?" एवढंच म्हणालीस.

रॉकी काका धावत आले, काय झालं, काय झालं. दत्ताराम पांढराफटक पडला होता, घामानं भिजलेला. तो म्हणाला, "काय झाला नाय. पाय घसारलो माझो."

हॉस्पिटलमध्येही त्यानं तेच सांगितलं. कॉलरबोन दोन ठिकाणी मोडलं होतं. त्या वेळी इथे परक्या माणसानं मारामारी केली असं एका कागदावर आलं असतं, तरी माझा व्हिसा खलास होता. पुढच्या विमानानं मी आणि रीटा वसईला. त्याला ते माहीत होतं. त्यानं एक शब्द उच्चारला नाही, त्या दिवशी नाही आणि तेरा वर्षांत नाही. मी त्याचे आभार मानले नाहीत. मी तेव्हा स्वतःला सांगत होतो की घाबरला म्हणून बोलला नाही.

त्याच आठवड्यात मी पपांना पत्र लिहिलं. खरं लिहिलं, पण वाईटात वाईट शब्दांत. पपांचं उत्तर आलं: या घरात तिचं नाव नको. ते पत्र मी तुझ्या नव्या पत्त्यावर पाठवून दिलं. वर एक ओळही न लिहिता.

मग तेरा वर्षं. एवढंसं बेट, आणि त्यावर आपण दोघं एकमेकांना न बघता राहिलो. हे किती अवघड काम होतं ते दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. भाजीबाजारात तू दिसलीस की मी मासळीकडे वळायचो. चर्चमध्ये तू शेवटच्या बाकावर बसायचीस. लग्न चर्चमध्ये झालेलं नाही म्हणून कम्युनियनची भाकर घ्यायला तुला उठता येत नव्हतं. सगळे रांगेत पुढे जायचे आणि तू एकटी बसून राहायचीस, दर शुक्रवारी, सगळ्यांच्या देखत. मी रांगेतून परत येताना मुद्दाम दुसऱ्या बाजूनं यायचो. मला वाटायचं, हिला लाज कशी वाटत नाही. आता वाटतं, एवढी हिंमत मला तरी झाली असती का? मी दुसरं चर्च शोधलं असतं. नाहीतर दुसरा देव.

आणि दर नाताळला घरात सुकेळी यायची. आपल्या वाडीत वाळवलेली केळी, पानात बांधलेली, तशीच. रीटा म्हणायची, मावशीनं कुणाबरोबर तरी पाठवली. मला माहीत होतं तुझ्याकडून येतात. रीटाला माहीत होतं की मला माहीत आहे. मी खायचो. तुझ्याशी बोलत नव्हतो, पण तुझी सुकेळी खात होतो. यावर आता हसू येतं आणि मग हसता येत नाही.

एकदा आपण बोललो. एकदाच.

केविनच्या वेळी रीटा अडली. दुपारची वेळ, बाहेरच्या बाकावर मी, आणि आतून कुणी काही सांगत नव्हतं. तुझी ड्यूटी आहे हे मला माहीत नव्हतं. दार उघडलं आणि तू आलीस, हिरव्या कपड्यांत, कोपरापर्यंत ओली, हातात गुंडाळलेलं बाळ. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी कोणी अनोळखी बाप असल्यासारखं सांगितलंस, नाळ गळ्याभोवती होती, आता दोघं ठीक आहेत. मग त्याला माझ्या हातात दिलंस. देताना तुझा अंगठा त्याच्या कपाळावर जरा थांबला. तू तिथे क्रूस काढलास, पटकन, कुणाला दिसू नये असा.

मी म्हणालो, "थँक यू, सिस्टर."

तोंडातून गेलं आणि मग कळलं. इथे सगळ्याच नर्सांना लोक सिस्टर म्हणतात. तुझी हनुवटी आयसारखी थरथरायला लागली. मग म्हणालीस, "यल्ला, चला, आता बाहेर थांबा. व्हिजिटिंग चारनंतर." आणि दार लावून घेतलंस. रीटानं नंतर सांगितलं, दाराच्या आत तू भिंतीला टेकून पाच मिनिटं उभी होतीस आणि तिच्या सलाइनकडे बघतेय असं दाखवत होतीस.

तेव्हा मी दार ठोठावायला हवं होतं. चार वाजेपर्यंत बाकावर बसून मी हाच विचार करत होतो. चार वाजले तेव्हा तुझी ड्यूटी संपली होती.

पपा गेले त्याआधी त्यांचं मला शेवटचं पत्र आलं होतं. विड्याच्या पानांचा मळा, विहिरीची मोटर, पाऊस, आणि शेवटी एक ओळ: सेलूची काही खबर? मी ती ओळ वाचली आणि उत्तरात मोटरबद्दल लिहिलं. दीड महिन्यानं पपा गेले. ती ओळ मी तुला कळवली नाही. पपा तुला माफ करून गेले असते, तर रागावायला मी एकटाच उरलो असतो. एकट्यानं राग धरायला माणसाला लाज वाटते. म्हणून मी पपांना माझ्या बाजूलाच ठेवलं, मेल्यावरसुद्धा.

तीन महिन्यांपूर्वी, दुपारी, ऑफिसात चपराशी आला, बाहेर कुणी उभंय म्हणाला. दत्ताराम होता, युनिफॉर्ममध्ये. केस बरेच पांढरे झालेले. तो आत आला नाही. म्हणाला, "ती तुमची वाट बघता. येवचा असात तर आज येवा. उद्याचा माका म्हाईत नाय."

तुझ्या आजाराचं मला रीटाकडून कळलं होतं. मी म्हणालो, साहेबांना विचारावं लागेल. तो म्हणाला, "विचारा. मी हय थांबतंय." आणि थांबला. उन्हात, वीस मिनिटं.

मी त्याच्या शेजारी अँब्युलन्समध्ये बसलो. रस्त्यात तो फक्त रहदारीबद्दल बोलला. नवा पूल झाल्यापासून सौदीकडच्या गाड्या किती वाढल्यात वगैरे. एका वळणावर त्याला वरचा आरसा नीट करायचा होता. इथल्या गाड्यांत तो ड्रायव्हरच्या उजव्या हाताला असतो, पण त्यानं स्टिअरिंगवरचा डावा हात काढून, वाकडा होऊन तो फिरवला. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. हे त्यानं इतक्या सवयीनं केलं की त्याच्या ते लक्षातही आलं नसेल. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. या हातानं हा तेरा वर्षं लोकांना स्ट्रेचरवरून उचलत होता.

तू पलंगावर एवढीशी झाली होतीस. पण डोळे तेच. मला बघून म्हणालीस, "आलास? बस. तुझं पोट सुटलंय."

त्यानंतर मी रोज आलो. दोन महिने. आपण तेरा वर्षांचं बोललो नाही, बारीकसारीक बोललो. आयच्या हातचा बोंबलाचा रस्सा, केविनचे मार्क, तुझ्या नीनाचं इंग्रजी. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर मात्र इंग्रजीत देते, म्हणून तू तिची नक्कल करायचीस. एके दिवशी मी धीर करून पपांच्या पत्राचं सांगितलं. ती ओळ सांगितली. माझी मान खाली होती. मग वर बघितलं, तर तू हसत होतीस.

"दादा, पपा मला लिहायचे. नीना झाल्यापासून. शेवटपर्यंत. मोठमोठी पत्रं."

मी खुर्ची पुढे ओढली.

"दर नाताळला सुकेळी कुठून येत होती असं तुला वाटलं? मी काय बहारीनला केळी लावलीत? पपा माझ्याकडे पाठवायचे, मी निम्मी तुला. पपा गेल्यावर मामीला सांगून ठेवलं."

"मग मला का नाही..."

"पपांनीच लिहिलं होतं, पास्कूला सांगू नको. तो चिडेल."

सेलू, तू हे किती सहज सांगितलंस. तुला वाटलं, मला हसू येईल. मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो. मला वाटायचं मी घराच्या वतीनं, वाडीच्या, पपांच्या वतीनं उभा आहे. माझ्यामागे कुणीच नव्हतं. पत्रातली ती ओळसुद्धा खबरीसाठी नव्हती, मला चाचपायला होती. पपा केव्हाच निघून गेले होते, आणि जाताना मला वळसा घालून गेले होते, माझ्या रागाला घाबरून. आपला म्हातारा बाप, मला घाबरून तुला चोरून केळी पाठवत होता.

परत आत आलो तेव्हा तू म्हणालीस, "तो बाजूला झाला असणार बघ. मेट्रन गावी परत गेली तेव्हाही मी तिला हेच म्हटलं. उशिरा झाला असेल, पण झाला असेल."

मला अजूनही पटत नाही. असे भाऊ आपण होऊन बाजूला होत नाहीत. पाण्यात उभे राहून त्यांचे पाय बधिर होतात, आणि त्यांना वाटतं आपण ठाम आहोत. त्यांना कुणीतरी येऊन हाताला धरून न्यावं लागतं. मला न्यायला तोच आला, ज्याला मी मारलं होतं. हे मी तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू नाटकात घातलं असतंस. पण तुला सांगायला मला तेव्हा सुचलं नाही, सुचलं तेव्हा तू औषधाच्या गुंगीत होतीस.

आणि ती एक गोष्ट राहूनच गेली. दोन महिने रोज येऊनही मी त्या तलवारीबद्दल बोललो नाही. तूही काढलं नाहीस. मला वाटलं, उद्या. तू इतक्या बाळंतपणांत उभी राहिलेली बाई, तुला माहीत होतं की काही गोष्टींना ओढून काढता येत नाही, वाट बघावी लागते. तू बघितलीस. मीच आलो नाही. माझं चुकलं, सेलू. तू भर रस्त्यात थांबून माझ्यावर विश्वास टाकलास आणि मी सगळ्यांसमोर तो मोडला. इथे लिहितोय, इथे कुणी टाळ्या वाजवणार नाही.

फादर आले होते. तुला शेवटचे संस्कार मिळाले. कुजबुजणाऱ्यांनी कुजबुज केली, हिला चर्चचं दफन मिळेल का वगैरे. फादरनी ऐकूनही घेतलं नाही.

काल शुक्रवार होता. मिस्सेच्या प्रार्थनेला गेलो तर चर्चच्या फाटकाशी दत्ताराम उभा, नीनाचा हात धरून. इस्त्रीचा पांढरा शर्ट. तो कधीच आत आला नव्हता. तुला सोडायचा आणि गाडीत बसून राहायचा, असं रीटा सांगते. काल नीनाला एकटीला आत जायचं नव्हतं, म्हणून आला. मला बघून हळूच विचारलं, "चपला भायर काढूच्यो काय?"

"नाही," मी म्हटलं, "इथे काढत नाहीत. चला."

आम्ही आत शिरलो तेव्हा रॉकी काका दाराशीच होते. ऐंशीच्या पुढचे आता, काठी टेकत. त्यांना सगळं माहीत आहे. ते त्या हॉलमध्ये होते. तरी त्यांनी दत्तारामकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पास्कू, हे कोण रे?"

"आमचे जावई," मी म्हणालो.

दत्ताराम खाली बघत राहिला. नीनानं माझी बाही ओढली आणि इंग्रजीत विचारलं, जावई म्हणजे काय?

मी मराठीत सांगितलं. "जावई म्हणजे ज्याला घरात सगळ्यांच्या आधी ताट वाढतात तो."

तिनं विचार केला. डोळे तुझेच आहेत तिचे, सरळ बघणारे. मग ती म्हणाली, आणि या वेळी, का कोण जाणे, मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली:

"पण पप्पा तुमच्या घरी कधी आलाच नाही."

"आज येणार आहेत," मी म्हणालो.

आले, सेलू. जेवले.